लॅन्थॅनम निकेलेटच्या एक्सपीएसमधला ८५५ चा पीक निकेल ३+ म्हणून लिहायचा का नाही?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. विषय लॅन्थॅनम निकेलेट, म्हणजे लॅन्थॅनम, निकेल आणि ऑक्सिजनचं संयुग, आम्ही लॅबमध्ये त्याला एलएनओ म्हणतो. सोल-जेलनं पावडर करते, ऑक्सिजनच्या प्रवाहात ७०० डिग्रीला भाजते, काळीकुट्ट पावडर मिळते. एक्सआरडी (स्फटिकाची रचना दाखवणारा एक्स-रे ग्राफ) बरा आलाय, ४३.३ डिग्रीला निकेल ऑक्साइडची अगदी बारीक टेकडी दिसते पण ती दुर्लक्ष करण्यासारखी आहे असं सगळे म्हणतात.

अडचण एक्सपीएसची आहे, म्हणजे एक्स-रे मारून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची बंधनऊर्जा मोजायची पद्धत; खालचे आकडे त्या ऊर्जेचे, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (ईव्ही). नमुना बाहेर पाठवला होता, तिथून फिट केलेलाच ग्राफ आला. निकेल २पी (निकेलचं आतलं एक कवच) मध्ये ८५३.८ ला एक पीक, म्हणजे ग्राफमधलं टोक, त्याला निकेल २+ (दोन इलेक्ट्रॉन गेलेलं निकेल) लिहिलंय, ८५५.५ ला दुसरा, त्याला निकेल ३+, आणि दोघांच्या क्षेत्रफळावरून ३+ चं प्रमाण ५८ टक्के. ऑक्सिजन १एस मध्ये ५२९ ला एक आणि ५३१.५ ला त्याच्याहून मोठा, त्याला 'ऑक्सिजन व्हेकन्सी' असं नाव दिलंय. मी ते तसंच्या तसं पेपरात घातलं कारण मी वाचलेल्या किती तरी पेपरात असंच लिहिलेलं असतं.

पेपर परत आला. रेफरीनं दोनच ओळी लिहिल्यात पण त्या दोन ओळींनी माझी झोप गेलीय. एक, लॅन्थॅनमचा ३डी पीक निकेलच्या २पी वर येऊन पडतो हे लेखकांना माहीत आहे का. दोन, ५३१.५ चा पीक व्हेकन्सीचा कशावरून.

मला खरं काय ते समजून घ्यायचंय, नुसतं रेफरीला उत्तर द्यायचं म्हणून नाही. कारण माझा मूळ प्रश्नच हा आहे की निकेल ऑक्साइड हिरवा आणि वीज न वाहणारा, आणि त्यातच लॅन्थॅनम घालून निकेल ३+ केलं की काळा धातूसारखा पदार्थ होतो, हे असं का. त्याचं उत्तर स्पेक्ट्रमवरून मिळेल असं वाटलं होतं आणि आता स्पेक्ट्रमवरचाच विश्वास उडालाय. आमच्या कॉलेजात एक्सपीएस नाही, ज्यांना विचारावं असं जवळ कोणी नाही. कोणी या रस्त्यानं गेलं असेल तर सांगा प्लीज.

सातारी_कंदी (सातारा)

ताई, मी साताऱ्याचा, पीएचडी अशाच ऑक्साइडांवर झालीय, आता शिकवतो. रेफरी बरोबर आहे, आणि तुमची चूक नाही, ही चूक इतकी पसरलीय की नवीन माणसाला तीच पद्धत वाटते.

आधी लॅन्थॅनमचं बघू. तुमच्या सर्व्हे स्कॅनमध्ये ८३४ च्या आसपास लॅन्थॅनम ३डी ५/२ दिसत असेल, तो एकटा नसतो, जोडी असते, दोघांत साधारण साडेतीन-चार ईव्हीचं अंतर. आता हीच जोडी पुन्हा १६.८ ईव्ही वर ३डी ३/२ म्हणून उमटते. म्हणजे एक ८५१ च्या आसपास आणि दुसरा बरोब्बर ८५५ च्या आसपास. तुम्ही ज्याला निकेल ३+ म्हणताय त्याच जागी. त्यामुळे ते ५८ टक्के म्हणजे निकेल किती आणि लॅन्थॅनम किती याची खिचडी आहे, त्या आकड्याला काही अर्थ नाही, तो पेपरातून काढून टाका.

तुमची कच्ची डेटा फाइल मागवून घ्या, फिट केलेलं चित्र नको, नुसते दोन कॉलम. आणि मग एवढं करा, ८३४ ची स्वच्छ जोडी तशीच्या तशी उचलून १६.८ ईव्ही सरकवून क्षेत्रफळ दोन-तृतीयांश करून ठेवून बघा. किती निकेल उरतं ते डोळ्यांना दिसेल. मी म्हणत नाही की ही वजाबाकी पेपरात छापा, कारण बॅकग्राउंड जरा इकडं-तिकडं झालं की उत्तर बदलतं, पण स्वतःच्या समाधानासाठी एकदा कराच.

निकेल बघायचं असेल तर ३पी बघा, ६७-६८ च्या आसपास. तिथं लॅन्थॅनम आड येत नाही, त्याचा ४डी शंभरच्या पुढं आहे आणि ५एस चौतीसच्या जवळ. सिग्नल कमी असतो, जास्त वेळ स्कॅन करायला सांगावं लागतं.

आता याहून महत्त्वाचं. समजा लॅन्थॅनम नसताच, तरीसुद्धा 'दोन पीक म्हणजे दोन व्हॅलन्स' हा हिशोब निकेलला लागू होत नाही. शुद्ध निकेल ऑक्साइड घ्या, त्यात सगळं निकेल २+ आहे, तरी त्याच्या २पी ३/२ मध्ये ८५३.७ ला एक, ८५५.४ च्या आसपास खांदा, आणि ८६१ ला रुंद सॅटेलाइट, म्हणजे सोबतचा उपपीक, येतो. एकाच निकेलचे तीन आवाज. कारण एक्स-रेनं आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवला की तिथं भोक पडतं आणि ते झाकायला आसपासचे इलेक्ट्रॉन धावतात. घरातला कर्ता माणूस गेला की कधी स्वतःची भावकी येऊन सांभाळते, कधी शेजारची गल्ली, तसं. आपल्याच सहा ऑक्सिजनांनी झाकलं तर एक ऊर्जा, पलीकडच्या निकेल-ऑक्सिजनच्या गटानं मदत केली तर दुसरी. शेजारच्या गटाची ही मदत १९९३ साली व्हॅन व्हीनेंडाल आणि सॉवात्स्की यांनी दाखवून दिलीय. आणि वर निकेल हायड्रॉक्साइडसुद्धा ८५५.५ च्याच जवळ येतो, त्यात निकेल २+ च आहे! सांगलीतल्या पावसाळ्यात बाटली उघडी राहिली असेल तर पृष्ठभागावर हायड्रॉक्साइड असणारच.

घाटावरची_ताई (सध्या पुणे, मूळ मिरज)

सातारी दादांनी निकेलचं सांगितलं, मी ऑक्सिजनचं सांगते कारण मी स्वतः यात वर्ष घालवलंय.

५३१.५ चा पीक. विचार कर, व्हेकन्सी म्हणजे ऑक्सिजन *नसलेली* जागा. तिथं अणूच नाही तर त्याचा १एस इलेक्ट्रॉन कुठून येणार? जो नाही त्याचा पीक कसा येईल? एवढी साधी गोष्ट, पण मलाही कुणी तरी विचारेपर्यंत सुचली नव्हती. तो पीक बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचा असतो. लॅन्थॅनम तर हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अक्षरशः ओढून घेतो.

पडताळा तुझ्याच फाइलमध्ये आहे. कार्बन १एस उघड. २८४.८ चा नेहमीचा, तो सगळ्यांना असतो. त्याच्या वर २८९ ते २९० च्या मध्ये वेगळा टेकाड आहे का बघ. असला तर कार्बोनेट बसलंय आणि तुझ्या ५३१.५ मधला मोठा वाटा त्याचा आहे.

आणि कुणी सांगेल की आर्गननं खरवडून पृष्ठभाग साफ करून घे. एलएनओला ते अजिबात करू नको! आर्गनच्या माऱ्यात ऑक्सिजन आधी उडतो, निकेल ३+ चं २+ होतं, जास्त झालं तर धातूचं निकेल ८५२.६ ला डोकं वर काढतं, आणि मग तू तुझा पदार्थ नाही तर मोडकातोडका उरलेला भाग मोजतेस. पॅलेट (पावडर दाबून केलेली चकती) मोडून ताजा भाग मोजायला सांग, शक्य असेल तर व्हॅक्यूममध्येच हिऱ्याच्या कानशीनं घासून.

एक्सपीएस किती खोल बघतं हेही डोक्यात ठेव. अ‍ॅल्युमिनियमचा एक्स-रे, १४८६.६ ईव्ही, त्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन वरच्या पाच-दहा नॅनोमीटरमधूनच येतात. तू सांगलीची आहेस म्हणून सांगते, हळदीच्या पोत्याचं तोंड उघडून वरची चार हळकुंडं बघून कुणी भाव लावत नाही, आतून माल काढून, मोडून, आतला रंग बघतात. तुझा एक्सपीएस म्हणजे पोत्याचं तोंड.

निवृत्त_रसायन_मास्तर (कराड)

बाळा, सगळं वाचलं. मी फिजिक्सचा माणूस नाही, छत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, प्रॅक्टिकलं घेतली. तुला पोत्याच्या आतलं हवंय ना, तर सरासरी निकेल किती आहे ते काढायला तुझ्याच कॉलेजातली ब्युरेट पुरेशी आहे. आयोडोमेट्री कर.

निकेल ३+ आम्लात आणि पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळलं की स्वतः २+ होतं आणि आयोडाइडचं आयोडीन करतं. ते आयोडीन हायपोनं, म्हणजे थायोसल्फेटनं, टायट्रेट करायचं. एका निकेल ३+ ला एक थायो, सरळ हिशोब. तुझ्या पदार्थाचं एका मोलचं वजन २४५.६ ग्रॅम येतं. ५० मिलिग्रॅम घेतलंस आणि सगळं निकेल ३+ असेल तर ०.०१ मोलर थायो २०.३६ मिली लागेल. सरासरी २.९+ असेल तर १८.४ च्या आसपास. दोन मिलीचा फरक म्हणजे ब्युरेटवर केवढा तरी मोठा, तो झाकता येत नाही.

आता काळजी कुठं घ्यायची ते नीट वाच. थायो ताजं, आणि डायक्रोमेटनं प्रमाणित करून घे, बाटलीवरच्या लेबलवर विश्वास ठेवायचा नाही. पावडर खलात अगदी मऊ कर. आधी आयोडाइड, मग पावडर, आम्ल शेवटी. आम्लात आयोडाइड असलं की हवेतला ऑक्सिजनच त्याचं आयोडीन करायला लागतो आणि तुझं रीडिंग खोटं वाढतं, म्हणून आम्ल घालायच्या आधी फ्लास्कमध्ये चिमूट-दोन चिमूट खायचा सोडा टाक, आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइड निघून हवा बाहेर ढकलतो, लगेच बूच लाव, अंधारात ठेव. स्टार्च सुरुवातीला घालायचा नाही, रंग वाळल्या गवतासारखा फिका पिवळा झाला की मग. आणि पावडर न घालता एक ब्लँक करच.

एक विचारतो, लॅन्थॅनम ऑक्साइड वजन करायच्या आधी भट्टीत तापवलं होतंस का? ते पाणी पिऊन बसलेलं असतं. तू १० ग्रॅम म्हणून तोललंस त्यात खरं लॅन्थॅनम ऑक्साइड कमीच. मग निकेल जास्त होतं आणि ते निकेल ऑक्साइड म्हणून वेगळं पडतं. तुझी ती ४३.३ ची टेकडी मला तिथूनच आलेली वाटते.

कृष्णाकाठची (सांगली)

सर, नव्हतं तापवलं. बाटली जुलैत उघडली होती, कृष्णेला पाणी चढलेलं होतं तेव्हा, लॅबच्या भिंतींना ओल होती, आणि मी तशीच तोलून नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवली. आता ९०० डिग्रीला रात्रभर ठेवून गरम असतानाच डेसिकेटरमध्ये टाकून नवीन बॅच करते.

ताई, कार्बन बघितला. २८९.६ ला आहे. स्वच्छ वेगळा दिसतोय. फिट करणाऱ्यांनी तो भाग बघितलाच नव्हता आणि मीही.

पण दादा, माझा मूळ प्रश्न राहिलाच. समजा टायट्रेशननं निकेल जवळजवळ ३+ आलं. मग तो तिसरा इलेक्ट्रॉन निकेलनंच दिला ना? आणि त्यानं पदार्थ धातू का होतो?

सातारी_कंदी (सातारा)

ताई, हा प्रश्न विचारलात म्हणून बरं वाटलं, कारण यातच सगळा जीव आहे. जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

गोष्ट १९३७ पासूनची आहे. डी बोअर आणि व्हेरवे यांनी दाखवलं की निकेल ऑक्साइडमध्ये डी कवच अर्धवट भरलेलं आहे, आठ इलेक्ट्रॉन, म्हणजे तेव्हाच्या बँड थिअरीप्रमाणं त्यानं वीज वाहायला हवी, आणि तो तर पक्का इन्सुलेटर. पायर्ल्स आणि मॉट यांनी तेव्हाच कारण सुचवलं, की इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. पंगतीत एका पाटावर एकच माणूस बसतो, दुसऱ्याला त्याच पाटावर बसवायचं तर दोघंही अवघडतात, ती अवघडण्याची किंमत म्हणजे यू. ही किंमत मोठी असली की कुणी जागचं हलतच नाही, सगळी पंगत गच्च.

बरीच वर्षं लोक मानत होते की निकेल ऑक्साइडचं एवढंच आहे. मग १९८४ साली सॉवात्स्की आणि अ‍ॅलन यांनी दोन्ही बाजूंनी मोजलं, फोटोएमिशननं, म्हणजे प्रकाशानं इलेक्ट्रॉन बाहेर काढून, भरलेल्या पातळ्या, आणि उलट्या फोटोएमिशननं, म्हणजे इलेक्ट्रॉन आत टाकून बाहेर येणारा प्रकाश बघून, रिकाम्या. मधली दरी ४.३ ईव्ही निघाली. पण निकेलचा यू तर सात-आठ ईव्हीच्या घरात. मग दरी एवढी लहान कशी? कारण सर्वांत स्वस्त उडी एका निकेलवरून दुसऱ्या निकेलवर नाहीच, ती ऑक्सिजनवरून निकेलवर आहे. पुढच्याच वर्षी, १९८५ ला, झानेन, सॉवात्स्की आणि अ‍ॅलन यांनी याचा नकाशा मांडला, यू लहान का ऑक्सिजनवरून येण्याची किंमत लहान, जी लहान ती दरी ठरवते. मॉट इन्सुलेटर आणि चार्ज ट्रान्सफर इन्सुलेटर हे दोन वेगळे प्रांत तिथून झाले.

आता तुमचा एलएनओ. निकेलला ३+ करायला जाल तसतशी ती ऑक्सिजनवरून येण्याची किंमत कमी-कमी होत जाते, शून्याच्याही खाली जाते असं बरेच लोक मानतात. याचा अर्थ काय? निकेलनं तिसरा इलेक्ट्रॉन खरं तर दिलेलाच नाही! तो गेलाय ऑक्सिजनचा. निकेलवर अजून जवळपास आठ इलेक्ट्रॉन आहेत, निकेल ऑक्साइडसारखेच, आणि भोक ऑक्सिजनच्या २पी मध्ये आहे. आपल्याकडं कसं, सातबाऱ्याला नाव एकाचं आणि जमीन कसणारा दुसरा. हिशोबाच्या वहीत ३+ निकेलच्या नावावर, पण भोक वागवतोय ऑक्सिजन. आणि ऑक्सिजनची पी कवचं पसरट, शेजाऱ्याला हात लागतो एवढी, म्हणून ती भोकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतात आणि पदार्थ धातू होतो.

मग एक्सपीएसमध्ये निकेल २+ आणि ३+ दोन वेगळे पीक शोधणं किती निरर्थक आहे ते बघा, निकेलवर फारसं बदललेलंच नाही तर निकेल काय सांगणार! विचारायचं असेल तर ऑक्सिजनला विचारा. ऑक्सिजनच्या के-एजचं, म्हणजे त्याचा सर्वांत आतला इलेक्ट्रॉन उचलला जातो त्या ऊर्जेजवळचं, एक्स-रे अ‍ॅबसॉर्प्शन घेतलं की निकेल ऑक्साइडमध्ये पहिला पीक ५३१-५३२ च्या आसपास सुरू होतो, आणि एलएनओमध्ये त्याच्या खूप आधी, ५२८ ते ५२९ च्या मध्ये, एक टोकदार प्रीपीक उभा राहतो. ते भोक आहे. ऑक्सिजनची रिकामी जागा, खरी, स्पेक्ट्रममध्ये दिसणारी. रिकाम्या *साइट*चा पीक येत नाही पण भरलेल्या साइटवरच्या रिकाम्या *पातळी*चा येतो, हा फरक ताईंच्या उत्तराशी जोडून वाचा.

यावरून आठवलं, २०१९ मध्ये स्टॅनफर्डला निओडिमियम-स्ट्रॉन्शियम निकेलेटच्या फिल्ममधून कॅल्शियम हायड्राइडनं ऑक्सिजनचा एक थर काढून घेतला आणि ९ ते १५ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली. त्या ऑक्सिजन काढलेल्या निकेलेटांमध्ये हा प्रीपीक तपासला तर तुमच्या एलएनओसारखा तो दिसत नाही. तिथं निकेलला १+ म्हणतात. म्हणजे हे भोक कुठं राहतं हा प्रश्न तुमच्या एका पेपरपुरता नाही, आत्ता जगात यावरच झटापट चालू आहे.

आणि आपल्या माणसांनी हे काम फार आधीपासून केलंय. लॅन्थॅनम कोबाल्टेट, तुमच्या पदार्थाचा सख्खा चुलतभाऊ. थंडीत कोबाल्ट चुंबकत्व दाखवत नाही आणि शंभर केल्विनच्या आसपास हळूहळू जागा होतो. १९७२ साली डॉ. व्ही. जी. भिडे, जे नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि सी. एन. आर. राव यांच्या गटानं त्यात किरणोत्सारी कोबाल्ट-५७ घालून, त्याचा क्षय होऊन लोह-५७ झाला की त्याच्या गॅमा किरणांवरून, मॉसबाऊअर पद्धतीनं, या स्पिन बदलाचा माग काढला. सिंक्रोट्रॉन (प्रखर एक्स-रे देणारं मोठं यंत्र) नाही, काही नाही. मला एम.एस्सी.त कुणी हे सांगितलं असतं तर किती बळ आलं असतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

द्राक्षबाग (तासगाव तालुका)

मध्येच बोलतो. धातू आहे का नाही ते स्पेक्ट्रमच्या आधी रेझिस्टन्सनं बघून टाका की. थंड करताना कमी झाला तर धातू. द्रव नायट्रोजन कुठून आणायचा म्हणाल, तर जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला नायट्रोजनचे कॅन असतातच, कॉलेजचं पत्र घेऊन गेलात तर कुठून भरून मिळतो ते तरी नक्की सांगतील. आम्ही बी.एस्सी.ला प्रोजेक्ट तसाच केला होता. हातमोजे चष्मा घालूनच, आणि खोलीची खिडकी उघडी.

घाटावरची_ताई

हे उत्तम सुचवलंत. फोर-प्रोबनंच करा, म्हणजे करंटला दोन तारा आणि व्होल्टेजला वेगळ्या दोन, दोन प्रोबनं केलं तर तारेचा आणि चांदीच्या पेस्टचा रेझिस्टन्स पॅलेटपेक्षा जास्त भरेल. आणि करंट उलटा करून दोन्ही रीडिंगची सरासरी घे, नाहीतर गरम-थंड टोकांचा थर्मो-ईएमएफ मध्ये घुसतो.

आता के-एजचं. इंदूरला राजा रामण्णा सेंटरमध्ये इंडस-२ आहे, अडीच जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन, तिथं सॉफ्ट एक्स-रे अ‍ॅबसॉर्प्शनची बीमलाइन आहे आणि एक्झाफ्सचीही, म्हणजे जास्त ऊर्जेच्या एक्स-रे अ‍ॅबसॉर्प्शनची. प्रपोजल लिहून पाठवायचं, निवडलं गेलं की वेळ मिळतो. विद्यापीठातल्या मुलांसाठीच आहे ते, मोठ्या संस्थेचा शिक्का लागत नाही, भिऊ नको.

सॉफ्टवर ऑक्सिजनचा के-एज माग. निकेलचा एल-एज (२पी कवचाचा) मागशील तर परत लॅन्थॅनम आडवा येईल, त्याचा एम४ (३डी कवचाचा एज) निकेलच्या एल३ ला खेटून आहे, म्हणून ८७० च्या आसपासचा एल२ नीट घ्यायला सांग. आणि नमुना काळ्या कार्बन टेपवर लावू नको! मी पहिल्या वेळी टेपवर पावडर भुरभुरवली होती, टेपमध्येही ऑक्सिजन असतो, एक अख्खी रात्र टेपचा स्पेक्ट्रम मोजत बसले आणि पहाटे चारला कळलं. इंडियमच्या पत्र्यात पॅलेटचा तुकडा दाबून बसव.

एक्झाफ्सच्या बीमलाइनवर निकेलचा के-एज, ८३३३ ईव्ही. हा एक्स-रे आरपार जातो, पोत्याच्या आतलं दाखवतो, आणि तिथं लॅन्थॅनम कुठंच जवळ नाही. सोबत निकेल ऑक्साइड आणि निकेलचा पत्रा स्टँडर्ड म्हणून न्यायचेच.

निवृत्त_रसायन_मास्तर (कराड)

बाळा टायट्रेशन झालं का? रीडिंग टाक इथं.

कृष्णाकाठची (सांगली)

सर झालं, उशीर झाला त्याबद्दल सॉरी, नवीन बॅचच्या वेळी मध्येच लाईट गेली आणि भट्टी थंड झाली, ती बॅच टाकून परत केली.

पहिलं रीडिंग २१.४ मिली आलं. मी खूश झाले की भरपूर ३+ आहे, मग तुमचं उत्तर परत वाचलं, सगळंच्या सगळं ३+ असलं तरी २०.३६ च्या वर जाऊच शकत नाही. बूच लावायला उशीर झाला होता, सोडा टाकायचाही विसरला होता. नंतर तुम्ही सांगितलं तसंच्या तसं केलं. १९.२, १९.३, १९.३. ब्लँकला एकच थेंब. ५० मिलिग्रॅमला १९.३ धरून हिशोब केला तर निकेल २.९५+ आणि ऑक्सिजन २.९७. शेवटच्या थेंबाला निळा रंग एकदम गेला आणि खाली निकेलचा अगदी फिका हिरवा उरला, तो बघत मी थोडा वेळ तशीच उभी होते.

४३.३ ची टेकडी नवीन बॅचमध्ये दिसत नाही.

रेझिस्टन्सही केला. नायट्रोजनची सोय झाली, द्राक्षबाग दादा खूप आभार. १०० मिलिअँपिअरला खोलीच्या तापमानाला १.८ मिलिव्होल्ट, नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर ०.९. करंट उलटा करूनही घेतलं. धातू आहे.

पेपरातून तो ५८ टक्क्यांचा तक्ता काढला, ऑक्सिजन १एसच्या पीकला हायड्रॉक्साइड-कार्बोनेट लिहिलं आणि २८९.६ चा कार्बन पुरावा म्हणून शेजारी ठेवला. गाइडसरांना आधी पटत नव्हतं, टायट्रेशनची वही दाखवली तेव्हा म्हणाले की हे आधी का नाही केलं. प्रपोजल लिहायला घेतलंय. एकच शंका, इंदूरला जाईपर्यंत पॅलेट कशात ठेवू? आमच्या डेसिकेटरचं झाकण नीट बसत नाही.

घाटावरची_ताई

झाकणाच्या कडेला व्हॅक्यूम ग्रीस लाव आणि सिलिका जेल निळं आहे का बघत जा, गुलाबी झालं की भाजून घे. प्रवासासाठी काचेच्या छोट्या बाटलीत, तोंडाला पॅराफिल्म, आणि ती बाटली जेलच्या पुडीसकट दुसऱ्या डब्यात. दोन पॅलेट अखंड ने, मोडायचं तिथंच, आत घालायच्या पाच मिनिटं आधी. प्रपोजलचा मसुदा झाला की मला मेसेज कर, मी वाचते.

निवृत्त_रसायन_मास्तर (कराड)

तीन रीडिंग ०.१ च्या आत आली. छान हात आहे तुझा. त्याच बाटलीतल्या पावडरचं इंदूरला जायच्या आदल्या आठवड्यात परत एकदा टायट्रेशन कर, महिन्याभरात २.९५ चं किती झालं ते कळेल, आणि मोजणीच्या दिवशी नमुना कसा होता त्याची नोंद तुझ्याकडं राहील.